नव्याचे नऊ दिवस, कसोटीची दहा मिनिटं

सदर : घर आणि तंत्र



दहावी-बारावीचे निकाल लागले की मला एकाच प्रकारचे फोन यायला लागतात. "मुलीला संगणक घ्यायचाय, कुठला घेऊ?" या सदरातून त्याचं उत्तर दोन-तीनदा देऊन झालं आहे. आज 'कुठला घ्यावा' हे सांगणार नाही. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावं, ते सांगणार आहे. कारण गेल्या वर्षी नेमकं तेच करायचं मी विसरलो आणि त्याची किंमत माझ्या भाचीने मोजली.

माझी थोरली बहीण सोलापूरला असते. आपा घरी शिवणकाम करते, दुल्हाभाई टॉवेलच्या कारखान्यात आहेत. भाची इंटिरियर डिझाइनच्या डिप्लोमाला आहे. तिच्या अभ्यासात खोलीचा आराखडा संगणकावर उभा करायचा, त्यात ओटा, कपाटं, दिवे बसवायचे आणि मग त्या खोलीचं खऱ्यासारखं दिसणारं चित्र तयार करायचं असतं. याला ते लोक 'रेंडर' म्हणतात. खिडकीतून आलेला उजेड फरशीवर पडून भिंतीवर किती जाईल, याचा हिशेब संगणक एकेका ठिपक्यासाठी करतो. काम भारी असतं. कॉलेजची लॅब पाचला बंद होते, म्हणून घरी संगणक हवा होता.

फेब्रुवारीत आपाची भिशी लागली. ते पैसे फ्रीजसाठी ठरलेले होते. आपा म्हणाली, "फ्रीज काय, पुढच्या वर्षी येईल. माठ आहे ना." आणि मला फोन केला, "तू सांगशील तो घेऊ."

मी यादी करून दिली. इंटेलचा कोअर आय-5 12400 प्रोसेसर, म्हणजे सहा कोअर. 16 जीबी रॅम, 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, साधा कॅबिनेट, मॉनिटर आणि एक छोटा यूपीएस. वेगळं ग्राफिक्स कार्ड बजेटमध्ये बसत नव्हतं, ते पुढे बघू असं ठरलं. सगळं मिळून 48,000 रुपये झाले. खरेदीला मी स्वतः सोलापूरला गेलो. दुकानातल्या मुलाने संगणक जोडला, चालू केला आणि सिनेबेंच नावाची चाचणी लावून दाखवली. आकडा आला 12,140. या प्रोसेसरला साधारण बारा हजारांच्या आसपास मिळतात, हे मला माहीत होतं. मी मान डोलावली, पडद्याचा फोटो काढला आणि आपाला म्हणालो, "माल चोख आहे."

इथे दोन शब्द या चाचणीबद्दल. सिनेबेंच ही मॅक्सॉन नावाच्या कंपनीची फुकट मिळणारी चाचणी आहे. ती संगणकाला एक ठरावीक चित्र रंगवायला देते आणि ते किती वेगाने झालं, त्यावर गुण देते. चित्र सगळ्यांना सारखंच, त्यामुळे सोलापुरातल्या संगणकाची तुलना साताऱ्यातल्या संगणकाशी करता येते. दुकानात लावली होती ती तिची आर-23 ही आवृत्ती. या चाचणीला 'बेंचमार्क' म्हणतात. आपल्या भाषेत कसोटी म्हणा.

माझी चूक इथेच झाली. दुकानातला आकडा मी पाहिला, पण तो कुठल्या परिस्थितीत आला हे पाहिलं नाही. दुकानात एसी होता. कॅबिनेटची बाजूची पाट उघडी होती. चित्र एकदाच रंगवून घेतलं होतं, म्हणजे प्रोसेसर तापायच्या आत चाचणी संपली होती. आणि त्या वेळी प्रोसेसरचं तापमान किती होतं, ते ना मुलाने दाखवलं ना मी विचारलं. नवा डॉक्टर पेशंटची नाडी न बघता नुसतं वजन करून सोडून देईल, तसं मी केलं.

एप्रिलमध्ये भाचीचा फोन आला. "मामू, रेंडरला फार वेळ लागतो. एकेका चित्राला चाळीस-चाळीस मिनिटं."

मी कामात होतो. म्हणालो, "फाइल जड केली असशील. दिवे कमी कर, सेटिंग उतरव."

तिने उतरवलं. चित्रं लवकर व्हायला लागली, पण दाणेदार दिसायला लागली, जुन्या फोटोवर बुरशी आल्यासारखी. कॉलेजात मॅडमनी दोन शीट परत केल्या. हे तिने मला सांगितलं नाही. आपालाही सांगितलं नाही. ते मला नंतर कळलं.

एप्रिलच्या शेवटी एका लग्नासाठी सोलापूरला गेलो. रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो, तर शेजारच्या खोलीतून पिठाच्या गिरणीसारखा घोंघाट येत होता. संगणकाचा पंखा होता तो. भाची ओला नॅपकिन मानेवर टाकून बसली होती.

"झोप ना आता."

"दोन चित्रं राहिलीत, मामू. बाकीच्या मुलींचं होतं वेळेत. माझंच काहीतरी चुकतंय."

"मला परत फोन का नाही केलास?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "अम्मीने फ्रीज सोडून हा घेतलाय. हा खराब निघाला असं तिला कसं सांगू?"

मला रात्रभर झोप लागली नाही. यंत्राचा दोष पोरीने स्वतःवर घेतला होता, आणि तिने तो घ्यावा यात माझाही हात होता. "फाइल जड केली असशील" हे मीच म्हणालो होतो, काहीही न मोजता.

सकाळी नाश्ता झाल्यावर आम्ही दोघं बसलो. मी तिला एक कोरी वही आणायला सांगितली. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. संगणकावर एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला. प्रोसेसरमध्ये जन्मापासूनच तापमान मोजणारे संवेदक बसवलेले असतात; हा प्रोग्राम त्यांचं म्हणणं पडद्यावर आणतो. किती अंश, किती गिगाहर्ट्‌झ, किती वॅट, सगळं दिसतं.

वहीत पहिली ओळ पडली : खोली 36 अंश. संगणक नुसता चालू, काम काही नाही, प्रोसेसर 52 अंश.

मग सिनेबेंच लावलं, पण या वेळी दहा मिनिटांचं. आर-23मध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. तेच चित्र दहा मिनिटं पुन्हा पुन्हा रंगवलं जातं आणि मग गुण मिळतात. धावपटू पहिल्या शंभर मीटरला कसा पळतो यापेक्षा शेवटच्या फेरीत कसा पळतो, हे त्यातून कळतं.

अर्ध्या मिनिटात प्रोसेसर 100 अंशांवर गेला. वेग सुरुवातीला 4 गिगाहर्ट्‌झ होता, तो उतरत उतरत 2.9वर येऊन थांबला. दहा मिनिटांनी आकडा आला 8,760.

दुकानात 12,140, घरी 8,760. शंभरातले अठ्ठावीस रुपये कुणीतरी खिशातून काढून घ्यावेत, तसं झालं होतं.

भाची म्हणाली, "म्हणजे हा जळणार का?"

जळत नाही, आणि हे सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा 100 अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, म्हणजे वीज कमी खातो, म्हणजे कमी तापतो. याला 'थ्रॉटलिंग' म्हणतात. जीव वाचवण्यासाठी तो सावकाश चालतो. त्यामुळे पडद्यावर कसलीही सूचना येत नाही, संगणक बंद पडत नाही, धूर निघत नाही. फक्त काम रेंगाळतं. आणि ज्याचं काम रेंगाळतं त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

उष्णता येते कुठून, तेही सांगतो. हा प्रोसेसर अशा कामात सत्तर-ऐंशी वॅट वीज घेतो. ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, पण निघते नखाएवढ्या तुकड्यातून. ती उष्णता वर धातूच्या झाकणात येते, तिथून करड्या रंगाच्या पेस्टच्या पातळ थरातून कूलरच्या धातूत जाते, कूलरचा पंखा ती हवेत सोडतो आणि कॅबिनेटच्या जाळीतून ती हवा खोलीत येते. या साखळीत कुठेही अडथळा आला, तरी त्याची शिक्षा प्रोसेसरला होते.

आम्ही साखळी बाहेरच्या टोकापासून तपासायला घेतली. कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात होता. तिन्ही बाजूंनी लाकूड. आणि वर, जिथून गरम हवा बाहेर पडायची त्या जाळीवर, आपाने स्वतः विणलेलं क्रोशाचं आवरण घातलेलं होतं. पांढरं, कडेला निळी फुलं. टीव्हीवर आहे, मिक्सरवर आहे, तसं संगणकावर. नव्या वस्तूत धूळ जाऊ नये म्हणून तिने किती प्रेमाने केलेलं असणार.

आवरण काढलं. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून टेबलावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवला. अर्धा तास निवू दिलं आणि पुन्हा दहा मिनिटं. आकडा आला 9,700. वेग 3.2. सुधारणा झाली, पण तापमान अजून शंभरच.

आपा दारात उभी होती. "म्हणजे माझ्या आवरणाने झालं का रे?"

खरं सांगतो वाचकहो, तिथे थांबायचा मोह झाला होता. कारण सापडलं, दोष आपाच्या क्रोशावर गेला, मी मोकळा. पण वही समोर होती. आवरण काढूनही शंभर अंश तसेच होते, म्हणजे मोठं दुखणं अजून आतच होतं. पहिलं कारण सापडलं की शोध संपला असं समजू नये. आकडा जागेवर येईपर्यंत शोध संपत नाही.

संगणक वॉरंटीत होता, म्हणून आम्ही स्वतः उघडला नाही. वही घेऊन दुकानात गेलो. दुकानदार तसा भला माणूस, पण त्याचं उत्तर तयार होतं. "आमच्याकडून बारा हजार करूनच दिला होता. साहेब, सोलापूरचा उन्हाळा आहे. गरम तर होणारच."

मी काही बोलायच्या आत भाचीने वही पुढे केली. "काका, खोली 36 होती, मान्य. पण अर्ध्या मिनिटात शंभरला जातो. तुमच्याकडे आत्ता एसी आहे. इथेच लावून बघू. या वेळी दहा मिनिटं."

त्याने वही पाहिली. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, वेग, गुण. चार ओळी होत्या. तो वाद घालायला बसला नाही. संगणक लावला. एसीतही मिनिटभराच्या आत शंभर.

मग त्याने बाजूची पाट काढली. या प्रोसेसरबरोबर येणारा कूलर चार कोपऱ्यांवरच्या प्लास्टिकच्या पिनांनी बोर्डावर बसतो. चारपैकी एक पिन सुटून वर आली होती. कूलर एका कोपऱ्याने उचललेला. तवा शेगडीवर नीट टेकला नाही तर भाकरी एका बाजूने कच्चीच राहते. इथेही उष्णता अर्ध्याच जागेतून वर जात होती. कूलर काढला तेव्हा पेस्टवर एका बाजूला दाबल्याची खूण होती, दुसऱ्या बाजूला पेस्ट जशी लावली तशीच.

पिन बसवताना राहिली, की रिक्षातून घरी नेताना खड्ड्यात सुटली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या दिवशी घरी पोचल्यावर लगेच दहा मिनिटांची चाचणी घेतली असती, तर त्याच संध्याकाळी कळलं असतं.

दुकानदाराने जुनी पेस्ट पुसली, नवी लावली आणि पिना समोरासमोरच्या जोडीने 'टक' आवाज येईपर्यंत दाबल्या. बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही पिना बाहेर आल्याचं भाचीला दाखवलं. पैसे घेतले नाहीत. संगणक आम्ही मांडीवर घेऊन घरी आणला.

दुपारी तीन वाजता, खोली 36 अंश : नुसता चालू असताना प्रोसेसर 43. दहा मिनिटांच्या कसोटीत 86 अंशांवर स्थिर, वेग 4 गिगाहर्ट्‌झ, गुण 12,060. मग तिच्या स्वयंपाकघराचं तेच चित्र, पहिल्यासारखं पूर्ण दर्जाचं. आधी 41 मिनिटं लागत होती. आता 29. एका शीटला अशी आठ चित्रं लागतात. साडेपाच तासांचं काम चार तासांच्या आत आलं.

भाचीने घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा वहीकडे पाहिलं. मग आपाकडे वळून म्हणाली, "अम्मी, माझं काही चुकत नव्हतं."

आपाला आधीची काहीच कल्पना नव्हती. ती माझ्याकडे बघायला लागली. मग सगळं सांगावं लागलं. शीट परत आल्याचं, रात्रीच्या जागरणाचं, माझ्या फोनचं. मी दोघींचीही माफी मागितली.

हे सगळं सांगितलं ते तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून. आता मुद्द्याचं. नव्याचे नऊ दिवस आपल्याकडे कौतुकात जातात. त्यातली तासा-दोन तासांची वेळ कसोटीला द्या. दुकानदारालाही सुरुवातीच्या दिवसांत तक्रार ऐकून घेणं सोपं जातं. सहा महिन्यांनी तोच दोष तुमच्या वापरावर ढकलला जातो.

पहिली गोष्ट, एक वही करा. बिलाची झेरॉक्स पहिल्या पानावर चिकटवा. दुकानात झालेल्या चाचणीचा आकडा, तारीख आणि तेव्हाचं तापमान लिहून घ्या. तापमान दाखवा असं दुकानदाराला सांगायला लाजू नका.

दुसरी, घरी आणल्यावर जिथे कायम ठेवणार तिथेच ठेवून मोजा. पाट बंद, खिडकी-पंखा रोजच्यासारखा. खोलीचं तापमान आधी लिहा. हे फार महत्त्वाचं आहे. कूलर हवेनेच थंड करतो, त्यामुळे तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली जितक्या अंशांनी चढेल, प्रोसेसरही साधारण तितकाच चढतो. आम्ही त्या दिवशी रात्री पुन्हा मोजलं. खोली 31वर उतरली होती, प्रोसेसर 81वर. दोन्ही वेळा फरक पन्नासचाच. म्हणून लक्षात ठेवायचा तो हा फरक. महाबळेश्वरच्या माणसाने इंटरनेटवर 70 लिहिलं आणि तुमच्या सोलापुरात किंवा जळगावात मे महिन्यात 84 आलं, तर घाबरू नका. आधी दोन्ही खोल्यांतलं अंतर वजा करा.

तिसरी, तीन मोजमापं घ्या : नुसता चालू असताना, दहा मिनिटांच्या कसोटीत आणि तुमच्या स्वतःच्या कामात. तिसरं सगळ्यात मोलाचं. मुलगा व्हिडिओ संपादन करत असेल, तर एक ठरावीक व्हिडिओ घेऊन तो तयार व्हायला किती मिनिटं लागली ते लिहा. दुल्हाभाईंसारखं कुणी फक्त हिशेब आणि पत्रं टाइप करत असेल, तर त्याला सिनेबेंचच्या गुणांचा फारसा उपयोग नाही. बारा हजार आले काय आणि नऊ हजार आले काय, पत्र तेवढ्याच वेळात टाइप होणार.

चौथी, गुण, तापमान आणि वेग हे तिन्ही आकडे एकत्र वाचा. गुण कमी आणि तापमान मर्यादेला टेकलेलं असेल, तर दुखणं उष्णतेचं आहे. आवरण, जागा, पंखा, पेस्ट, कूलर असा क्रम लावा. गुण कमी पण तापमान साठ-पासष्टच असेल, तर दुखणं दुसरं आहे. विंडोज पॉवर वाचवायच्या सेटिंगवर असेल, मागे अपडेट चालू असेल किंवा बोर्डाच्या सेटिंगमध्ये विजेवर मर्यादा घातलेली असेल. या प्रोसेसरची ठरलेली मूळ मर्यादा 65 वॅट आहे आणि थोड्या वेळासाठी तो 117पर्यंत जाऊ शकतो. काही बोर्ड त्याला मोकळं सोडतात, काही थोड्या वेळाने 65वर आणतात. तिथे आकड्यात थोडा फरक पडणं हा दोष नव्हे.

पाचवी, एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. आवरण काढलं, जागा बदलली आणि कूलरही दाबला, असं एकदम केलं असतं तर कशाने किती फरक पडला, हे आम्हाला कधीच कळलं नसतं. आम्हीसुद्धा आवरण आणि जागा एकदमच बदलली, ती घाई झाली.

रॅमही एकदा बघून घ्या. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग दिसतो. 3200चे पैसे दिले आणि तिथे 2133 किंवा 2666 दिसत असेल, तर बोर्डाच्या सेटिंगमध्ये एक्सएमपी नावाची सोय चालू करून घ्यावी लागते. आणि 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घेणं बरं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून चालतं, त्यामुळे दोन पट्ट्यांचा फायदा तिथे डोळ्यांना दिसतो.

किती तापमान चांगलं, हा प्रश्न हमखास येतो. सगळ्यांना एकच आकडा लागू नाही. भाचीच्या प्रोसेसरची मर्यादा 100 आहे. एएमडीच्या रायझन 5 5600 या प्रोसेसरची 90 आहे. त्याच कंपनीच्या रायझन 7000 मालिकेतले काही मोठे प्रोसेसर पूर्ण कामात 95ला जाऊन तिथेच राहतील अशा बेतानेच बनवलेले आहेत. तिथे 95 बघून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. म्हणून आपल्या प्रोसेसरची मर्यादा कंपनीच्या माहितीपानावर बघून वहीत लिहून ठेवा. पूर्ण कसोटीत त्या मर्यादेच्या दहा-पंधरा अंश खाली असाल आणि वेग टिकून असेल, तर निश्चिंत राहा. दर तासाला तापमान बघत बसू नका. ताप नसताना थर्मामीटर लावून बसणाऱ्याला शेवटी ताप आल्यासारखं वाटायलाच लागतं.

धुळीचं काय, असं आपानेही विचारलं. तिची काळजी खोटी नव्हती. सोलापुरात, त्यातून घरात शिवणकाम, म्हणजे कापसाचे धागे हवेत असणारच, आणि ते पंख्याच्या पात्यांत अडकतात. पण उपाय आवरणाचा नव्हे. आवरण घालायचं तर संगणक बंद करून, निवल्यावर. चालू करायच्या आधी काढायचं. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून जाळी मऊ ब्रशने झाडायची, पंखा बोटाने धरून ठेवून झाडायचा. जमिनीवर ठेवू नका, केर काढताना सगळी धूळ आत ओढली जाते. आणि आधीपेक्षा तापमान सात-आठ अंशांनी वाढलेलं दिसलं, तर धूळ साठली असं समजा. जुना आकडा वहीत असेल तरच हे कळणार.

भाचीच्या टेबलावर आता ती वही असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती दहा मिनिटांची कसोटी लावते, तोवर चहा करून आणते आणि एक ओळ लिहिते. तिच्या वर्गातल्या दोन मुलींनी आपले संगणक तिच्याकडून तपासून घेतले. एकीच्या लॅपटॉपखाली उशी असायची. आपाने निळ्या फुलांचं आवरण माठाच्या झाकणावर घातलं आहे, तिथे ते छान दिसतं. फ्रीजची भिशी अजून लागायची आहे.

तुमच्या घरातला कुणी "संगणक हळू चालतो" म्हणाला, तर "तूच काहीतरी केलं असशील" हे शब्द तोंडातून काढायच्या आधी एकदा मोजून बघा. मी ते शब्द आधी काढले आणि मोजलं नंतर.

पुढच्या महिन्यात यूपीएस आणि इन्व्हर्टरबद्दल बोलू. तोवर खुदा हाफिज.